खऱ्या फोटोची खोटी गोष्ट

आज आपण वरवंट्याला दूध पाजणार आहोत. हसताय कशाला? खरंच पाजणार आहोत.

आधी घरातला वरवंटा शोधा. मिक्सर आल्यापासून तो बिचारा कुठल्यातरी कोपऱ्यात पडला असेल, नाहीतर वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लावलेला असेल. नसेलच सापडत तर खलबत्त्यातला बत्ता घ्या. तो धुवा, पण पुसू नका, ओलाच राहू द्या. एका ताटात उभा धरा. आता चमच्यात दूध घ्या, अगदी काठोकाठ. इतकं की चमच्याच्या कडेच्या किंचित वर फुगलेलं दिसलं पाहिजे. चमचा वरवंट्याला हळूच टेकवा आणि जरासा, अगदी कळेल न कळेल इतका तिरपा करा. मग बघत राहा.

दूध कमी व्हायला लागलं ना? काही वेळात चमचा जवळपास रिकामा. वरवंटा दूध प्यायला!

आता हाच प्रयोग पुन्हा करा, पण दुधात चिमूटभर हळद टाकून. या वेळी चमच्याकडे बघू नका, वरवंट्याच्या अंगाकडे बघा. चमचा जिथे टेकलाय तिथून एक पिवळा, पातळ ओघळ खाली उतरताना दिसेल आणि ताटात पिवळं थारोळं साचेल. चोर सापडला. दुधाचे कण एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते काठाच्या वर फुगलं तरी सांडत नाही. याला पृष्ठताण म्हणतात. पण तो फुगवटा ओल्या दगडाला टेकला की दगडावरच्या पाण्याच्या थराशी दुधाची गट्टी जमते. पुढचं दूध दगडावर पसरतं, मागचं त्याच्यामागे ओढलं जातं, आणि गुरुत्वाकर्षण त्या सगळ्याला खाली नेतं. थर इतका पातळ असतो की हळद नसेल तर तो दिसतच नाही.

हा प्रयोग एकदा साऱ्या देशाने केला होता. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. तुमचे आईबाबा तेव्हा शाळेत असतील, त्यांना विचारा. दिल्लीत पहाटे कुणीतरी म्हणालं की गणपती चमच्याने दूध पितोय, आणि दुपारपर्यंत देशभरातल्या देवळांबाहेर दुधाची भांडी घेतलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. गंमत म्हणजे तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, आणि बहुतेकांकडे मोबाइलही नव्हता. घरातले तारेचे फोन आणि चौकाचौकातले एसटीडी बूथ, एवढ्यावर ही बातमी त्याच दिवशी लंडनमधल्या देवळांपर्यंत पोहोचली! शास्त्रज्ञांनी तेव्हा दुधात रंग मिसळून दाखवला होता आणि मूर्तीच्या अंगावरून उतरणारा ओघळ सगळ्यांना दिसला होता. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही हेच समजावून सांगत होते.

(आजीला हा प्रयोग दाखवणार असाल तर थट्टेच्या सुरात नको हं. तिचा जीव गणपतीवर आहे, चमच्यातल्या दुधावर नाही.)

आता माझा प्रश्न नीट ऐका. त्या दिवशी रांगेत उभे राहिलेले लोक खोटं बोलत होते का? 'चमच्यातलं दूध कमी होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं,' असं ते सांगत होते. आणि ते शंभर टक्के खरं होतं! दूध खरंच कमी होत होतं. चूक डोळ्यांनी केली नव्हती. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला जी गोष्ट जोडली गेली, तिथे घोटाळा होता.

फसवाफसवीच्या बातम्यांचं गुपित बहुतेक वेळा इथेच असतं. आपल्याला वाटतं की खोटी बातमी म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत रचलेलं थोतांड. तसं नसतं. तिच्या पोटात बहुधा काहीतरी खरं असतं. खरा फोटो, खरा व्हिडिओ, खरा चमचा. म्हणून तर शहाणीसुरती माणसं फसतात.

मुंबईत १८ ऑगस्ट २००६ ला माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं अशी हाकाटी झाली आणि लोक बाटल्या घेऊन धावले. पाणी चाखलं तर खरंच खारट लागत नव्हतं. पावसाळ्याचे दिवस होते. नदीनाल्यांतून वाहून आलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगत होतं. पण ते कुठून आलं होतं माहीत आहे? मिठी नदीतून, म्हणजे अर्ध्या मुंबईची घाण पोटात घेऊन! महापालिका ओरडून सांगत होती की पिऊ नका. लोक पीत होते.

दुसरं उदाहरण तुमच्या घरच्या फोनवरही येऊन गेलं असेल. दरवर्षी दिवाळीला एक फोटो फिरतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिव्यांचे ठिपके, आणि खाली लिहिलेलं की दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला भारत. किती सुंदर दिसतो! पण जरा विचार करा, आपल्या पणत्या हिरव्या रंगाच्या कधीपासून झाल्या? हा फोटो म्हणजे अमेरिकेतल्या ख्रिस एल्विज नावाच्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या माहितीवरून तयार केलेलं चित्र आहे. पांढरा रंग म्हणजे १९९२ च्या आधीपासून दिवे असलेल्या जागा. निळा म्हणजे १९९२ मध्ये, हिरवा म्हणजे १९९८ मध्ये आणि लाल म्हणजे २००३ मध्ये नव्याने उजळलेल्या दिसलेल्या जागा. म्हणजे एका रात्रीचा फोटो नव्हेच, कितीतरी वर्षांत गावं आणि शहरं कशी वाढत गेली त्याचा तो नकाशा! खरं सांगू? मला तर दिवाळीच्या फोटोपेक्षा हे जास्त भारी वाटतं. आणि नासाने १२ नोव्हेंबर २०१२ चा, दिवाळीच्या दिवसांतला खरा फोटो प्रसिद्ध केला, त्यात दिवाळी ओळखूही येत नाही. रस्त्यावरचे आणि घरातले रोजचे दिवे इतके प्रखर असतात की त्यांच्यापुढे पणत्यांचा उजेड अवकाशातून वेगळा कळतच नाही.

दूध असो की दिवाळीचा फोटो, फसलो तरी फार काही बिघडत नाही. पण आता जी गोष्ट सांगणार आहे ती तशी नाही. जरा सांभाळून वाचा. नंतर आईबाबांशी बोलावंसं वाटलं तर जरूर बोला.

पाकिस्तानात कराची नावाचं मोठं शहर आहे. तिथे हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या 'रोशनी' नावाच्या संस्थेने एक जाहिरात बनवली. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत. मोटारसायकलवरून दोघेजण येतात, एका मुलाला झटकन उचलतात आणि पळून जातात. बाकीची मुलं ओरडत मागे धावतात. आणि मग? मोटारसायकल वळून परत येते, मुलाला खाली उतरवते, आणि मागे बसलेला माणूस एक फलक उलगडून दाखवतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं असतं. पालकांनो, मुलांवर लक्ष ठेवा, एवढंच सांगायचं होतं. चांगलं काम होतं.

कुणीतरी त्या व्हिडिओचा शेवट कापला.

फक्त शेवट. बाकी एका चित्रालाही हात लावला नाही. फलक गेला, परत येणं गेलं, उरलं फक्त मूल पळवणं. खाली ओळ आली की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा. तो अर्धा व्हिडिओ २०१८ मध्ये भारतभर फिरला. ज्या राज्यात पोहोचला त्या राज्यात तो 'आपल्या भागातला' झाला.

त्याच वर्षी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. एसटीतून पाच माणसं उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. त्यातली बहुतेक माणसं आपल्या सोलापूर जिल्ह्यातली होती, मंगळवेढा तालुक्यातली. आपल्या करकंब गावाहून पंढरपूर, आणि पंढरपूरच्या पलीकडे मंगळवेढा. इतकी जवळची माणसं. राईनपाड्याच्या आसपास बरेच दिवस मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. त्या पाचांपैकी कुणीतरी एका लहान मुलीशी बोलताना दिसलं म्हणतात. झालं. 'हेच ते!' गर्दी जमली, आणि त्या गर्दीने पाचही जणांना मारहाण करून ठार केलं.

टोळी नव्हतीच. पोटासाठी घरापासून लांब आलेली पाच माणसं होती.

मी ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. करकंबच्या मुलांना तर मुद्दाम सांगतोय. करकंब म्हटलं की बाहेरच्या लोकांना बाजार आमटी आठवते, आणि आमटीच्या आधी बाजार आलाच. बाजारात कोण येत नाही? कुठल्या कुठल्या गावची माणसं येतात, पाल ठोकतात, विकतात, निघून जातात. आणि आषाढीला? पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी पंढरीला जाताना अरण, करकंबवरूनच जाते. शेकडो अनोळखी माणसं गावात येतात. आपण त्यांना नाव विचारतो का? आधार कार्ड मागतो का? 'माउली, चहा घ्या,' म्हणतो. त्यांची मुलं आपल्या ओसरीवर झोपतात. अनोळखी माणसाला भाकरी वाढणं ज्या मुलखाला शिकवावं लागत नाही, त्याच मुलखात फोनवरच्या एका अर्ध्या व्हिडिओने अनोळखी माणूस म्हणजे चोर होतो. मला यातलं हेच सगळ्यात विचित्र वाटतं.

आणि हे धुळ्यालाच घडलं असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलगा तुमच्याएवढा असेल. बस्स, तेवढ्यावरून मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना काठ्यांनी मारलं. पोलीस आले, कागदपत्रं पाहिली, तेव्हा कळलं की हे तर विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेले साधू. सुदैवाने ते वाचले.

आता थोडं गणित करू. कंटाळा करू नका, मजेशीर आहे.

समजा एक मेसेज तुम्ही पाच जणांना पाठवला. त्या पाचांनी प्रत्येकी नव्या पाचांना पाठवला. झाले पंचवीस. त्या पंचविसांनी पुन्हा पाच-पाच. एकशे पंचवीस. असंच पुढे जाऊ द्या. सहाव्या फेरीला १५,६२५ जण. दहाव्या फेरीला ९७,६५,६२५. आपल्या अख्ख्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दहाव्या फेरीत मेसेज जिल्ह्याला पुरून उरला! बाराव्या फेरीचा आकडा २४ कोटींच्या पुढे जातो, आणि सगळा महाराष्ट्र धरला तरी २०११ मध्ये आपण सव्वाअकरा कोटी होतो. अर्थात खऱ्या आयुष्यात तीच तीच माणसं पुन्हा येतात, काहीजण मेसेज पुढे पाठवतच नाहीत, त्यामुळे इतकं होत नाही. पण मधल्या एकाने जरी हात आखडला, तरी त्याच्यापुढची केवढी फांदी गळून पडते ते कागदावर काढून बघा. तिसऱ्या फेरीतला एकच जण थांबला तर दहाव्या फेरीत किती जण कमी होतील? उत्तर काढा. मी सांगणार नाही.

पाच हा आकडा मी उगाच घेतला नाही. राईनपाड्यासारख्या घटना २०१८ मध्ये देशात जागोजागी घडल्यावर व्हॉट्सॲपने त्याच जुलैमध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूणही यायला लागली. आता मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले, तर समजा की तो निदान पाच हातांतून फिरून आलाय, म्हणजे तुमच्या मावशीने पाठवला असला तरी तो मावशीचा नाही. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आणि मजा ऐका. अफवा कशा ओळखाव्यात हे भारतातल्या लोकांना सांगायला व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये कशाचा आधार घेतला? पानभर जाहिराती देऊन चक्क छापील वर्तमानपत्रांचा!

वर्तमानपत्रावरून आठवलं. आज घरी आलेला पेपर घ्या आणि उलटा करा. शेवटच्या पानावर, अगदी तळाला, मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरं दिसतील. ती कुणी वाचत नाही. आज वाचा. तिथे मालकाचं नाव असतं, मुद्रक आणि प्रकाशक कोण ते असतं, छापखान्याचा पत्ता असतो, संपादकाचं नाव असतं आणि बातम्यांची जबाबदारी त्याच्यावर आहे असंही बहुधा लिहिलेलं असतं. कुणाच्या हौसेने नाही, कायद्याने. मुद्रकाचं नाव छापण्याची सक्ती इंग्रजांच्या काळातल्या, १८६७ च्या कायद्यातही होती. पेपरवाले चुकत नाहीत असं नाही, चिक्कार चुकतात. पण चुकले तर कुणाच्या दारात जाऊन जाब विचारायचा ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. आता फोनवर आलेल्या त्या लांबलचक मेसेजच्या तळाशी जा. काय लिहिलंय? 'जास्तीत जास्त शेअर करा.' नाव? पत्ता? कुणाचंच नाही.

मग तरी आपण त्यावर विश्वास का ठेवतो? याचा अभ्यास झालाय. लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या तीन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना काही वाक्यं ऐकवायची आणि प्रत्येक वाक्य कितपत खरं वाटतं ते विचारायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा. आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा. दर वेळी नव्या वाक्यांत काही जुनी वाक्यं मिसळलेली असायची. काय दिसलं? जी वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडली, ती विद्यार्थ्यांना जास्त जास्त खरी वाटायला लागली. त्यातली खोटी वाक्यंसुद्धा! म्हणजे मेंदू ओळखीच्या गोष्टीला खरी गोष्ट समजतो. घरच्या ग्रुपवर आलं, गल्लीच्या ग्रुपवर आलं, मग बाजारात कुणीतरी म्हणालं, 'अहो, मलापण आलंय ते.' तीन ठिकाणी ऐकलं म्हणजे तीन पुरावे झाले असं वाटतं. प्रत्यक्षात एकच मेसेज तीन दारांनी आत आलेला असतो.

आणखी एक मोठा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये छापला. ट्विटरवर २००६ पासून २०१७ पर्यंत फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खरी बातमी दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खोटीपेक्षा साधारण सहापट वेळ घेत होती. वाटलं असेल की हे यंत्रांचं काम, आपोआप मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचं. तर नाही! ते प्रोग्रॅम खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होते. खोट्याला पाय फोडत होती माणसंच. कारण खोटी गोष्ट नवी असते, चमचमीत असते, ऐकल्यावर 'आँ?' होतं. खऱ्या गोष्टीत 'आँ' कमी असतो. मूल हरवलं आणि तासाभराने शेजारच्या घरी सापडलं, ही बातमी कोण पुढे पाठवणार?

आता तुम्हाला एक मेसेज देतो. हा मीच बनवलाय, म्हणून कुणालाही पाठवू नका, फक्त त्याची चिरफाड करा:

'ब्रेकिंग!! आत्ताच उजनीतून पाच लाख क्युसेक पाणी सोडले. आज रात्री पंढरपूर पाण्याखाली. सोबत व्हिडिओ. सर्वांना कळवा.'

सगळ्यात आधी कुठल्या शब्दावर बोट ठेवाल? मी 'आत्ताच'वर ठेवीन. आत्ताच म्हणजे कधी? हा शब्द कधी शिळा होत नाही. तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं 'आत्ताच' आज वाचणाऱ्याला आजचंच वाटतं. 'आज रात्री', 'कालच', 'थोड्या वेळापूर्वी' हे सगळे त्याचेच भाऊ. ज्या मेसेजमध्ये तारीख नाही, तो कधीचाही असू शकतो.

मग व्हिडिओ. पाणी खरं दिसतंय, घाट बुडालेला दिसतोय. पण तो घाट पंढरपूरचाच कशावरून? पाट्या बघा, कुठल्या लिपीत आहेत? देवळांचे कळस ओळखीचे आहेत? व्हिडिओतलं एक चित्र पकडून गूगल लेन्सवर टाकलं, तर तेच चित्र आधी कुठे, कोणत्या वर्षी येऊन गेलं ते पुष्कळदा सापडतं. चंद्रभागेला पूर खरंच येतो, ऑक्टोबर २०२० मध्ये केवढा आला होता! त्या वेळचे व्हिडिओ खरे आहेत. दरवर्षी पाऊस सुरू झाला की असे खरे जुने व्हिडिओ नवे कपडे घालून बाहेर पडू शकतात.

तिसरं म्हणजे आकडा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाच लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला किती ते गुणून बघा. एवढं पाणी सोडायचं तर आधी नदीकाठच्या गावांत दवंडी पिटेल, भोंगे फिरतील, पोलीस दारात येतील. धरणातून किती पाणी सोडलं याचे आकडे जलसंपदा खातं आणि जिल्हा प्रशासन जाहीर करतं. तिथे हा आकडा आहे का?

आणि सगळ्यात सोपा उपाय तर आपण विसरूनच जातो. पंढरपूरला मामा राहतात ना? लावा फोन. 'मामा, पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागलंय का हो?' मामा खिडकीतून बघून सांगतील. जगातलं कुठलंही ॲप यापेक्षा भरवशाचं नाही.

हे लक्षात घ्या की फोनमधल्या त्या मेसेजकडेच टक लावून बसलं तर काही कळत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी ४५ जणांना काही संकेतस्थळं दाखवली आणि यातलं विश्वासाचं कोणतं ते ओळखायला सांगितलं. दहा होते इतिहासाचे मोठे अभ्यासक, दहा बातम्यांची सत्यता तपासणारे आणि पंचवीस विद्यार्थी. अभ्यासक आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत काळजीपूर्वक वाचत बसले आणि छान बोधचिन्ह, नीटनेटकी मांडणी बघून बरेचसे फसले. तपासणाऱ्यांनी मात्र पान जेमतेम वाचलं आणि लगेच तिथून बाहेर पडून 'हे लोक कोण आहेत' ते दुसरीकडे शोधायला लागले. त्यांना कमी वेळात बरोबर उत्तर मिळालं. मोठमोठे प्राध्यापक हरले, बरं का! खूप शिकलेला माणूस फसत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे १५० सरकारी शाळांत हेच शिकवायला घेतलं होतं. खोटा मेसेज कसा ओळखायचा, याचा चक्क तास! आपल्या शाळेत असा तास नसेल तर बाईंना विचारून बघा. निदान सुट्टीतला उद्योग म्हणून तरी.

एक पथ्य मात्र पाळा. हे सगळं वाचून काहीजणांना नवाच रोग लागतो. ते प्रत्येक गोष्टीला 'खोटंय, फेक आहे' म्हणत सुटतात. लस खोटी, बातमी खोटी, पुराचा इशाराही खोटा. प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवणारा जितका आळशी, तितकाच कशावरच विश्वास न ठेवणारा. दोघेही तपासत नाहीत. तहसीलदारांनी घर सोडा म्हटलं तर घर सोडायचं, तिथे गूगल लेन्स काढून बसायचं नाही. आता तर संगणक न घडलेल्या गोष्टीचे फोटो, न बोललेल्या माणसाचा आवाज बनवतो. त्यामुळे कधी कधी चित्रच मुळात खोटं असतं. तरी प्रश्न तेच लागू पडतात. कुणी पाठवलं, कुठलं आहे, कधीचं आहे, आणि ज्याला माहीत असायला हवं तो काय म्हणतोय?

आता खरी अडचण. तुम्ही सगळं तपासलं, व्हिडिओ अर्धाच कापलेला निघाला, आणि तो घरच्या ग्रुपवर टाकलाय मोठ्या काकांनी. तीस जणांसमोर 'काका, हे खोटं आहे' असं लिहिलंत तर काय होईल? काका रागावतील, मोबाइल काढून घेण्याची भाषा होईल आणि व्हिडिओ राहील तिथेच. मोठ्या माणसांना चारचौघांत चुकलेलं आवडत नाही, आपल्याला तरी कुठे आवडतं? म्हणून ग्रुपवर नको. काकांना वेगळं गाठा, शक्य असेल तर समोरासमोर, जेवण झाल्यावर. खोटं, फेक, अफवा हे शब्द वापरूच नका. काकांनी तो मेसेज काळजीपोटी पाठवलाय, हे आधी कबूल करा. आणि मग फोन त्यांच्या हातात देऊन एवढंच म्हणा:

'काका, तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओचा पुढचा भाग मला सापडलाय. बघायचाय?'